निनावी मालकाची सुओमी

हेलेवी पानानेन दुधाचा पुडा घेताना आधी पुढच्या रांगेतल्या पुड्याची तारीख बघते. मग कोपरापर्यंत हात घालून मागचा पुडा काढते आणि त्याची बघते. दोन्ही तारखा सारख्या निघाल्या, तर तिचा संशय आणखीच वाढतो. मी बावीस वर्षं तिची शेजारीण आहे. माझ्या घरचा केक खातानाही ती विचारते, "राइली, अंडी कुठली?"

हा स्वभाव तिला नोकरीने दिला की स्वभावामुळे नोकरी मिळाली, कोण जाणे. सतराव्या वर्षी ती आमच्या टिक्काकोस्की गावच्या कारखान्यात लागली. युद्धाच्या काळात तिथे सुओमी बनायची, म्हणजे आपल्या सैन्याची छोटी मशीनगन. आमच्या भाषेत फिनलंड देशाचं जे नाव, तेच तिचं नाव. युद्ध संपलं आणि त्याच छपराखाली शिवणयंत्रं बनू लागली. हेलेवीला बसवलं शेवटच्या तपासणीवर. प्रत्येक यंत्रावर कापडाची एक पट्टी शिवायची, भिंगातून टाके बघायचे, मग यंत्र पुढे सोडायचं नाहीतर मागे पाठवायचं. मागे पाठवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. फिटर लोक तिला 'सासूबाई' म्हणत.

तिची आई त्याच कारखान्यात युद्धाच्या काळात कामाला होती. त्याबद्दल तिने घरात कधी अवाक्षर काढलं नाही. हेलेवीला आठवतो तो फक्त आईच्या हातांचा वास. कितीही साबण लावला तरी बोटांच्या पेरांतून तेल गेलं नाही, ते अगदी मरेपर्यंत.

पुढे कारखाना गावातून गेला. अंगणात भंगाराचा ढीग पडला. हेलेवी बर्फावरून तिची ढकलगाडी घेऊन गेली आणि झाकण नसलेलं एक शिवणयंत्र घरी घेऊन आली. तिथून तिला नाद लागला. या गावात जे जे बनलं ते ती गोळा करायला लागली: यंत्रं, तेलाच्या कुप्या, पगाराची पाकिटं, शिकारीच्या रायफली. बंदुकांसाठी संग्राहकाची रीतसर मान्यता लागते, तीही तिने काढली. पोलीस तिचं पोलादी कपाट मोजायला आला, तेव्हा हिने आधी त्याची टेप आपल्या टेपला लावून बघितली. नवरा गेला, मुलगी स्वीडनला गेली, संग्रह मात्र वाढत राहिला. त्यात नव्हती ती एकच वस्तू. सुओमी.

आमच्याकडे जुन्या वस्तूंच्या संग्राहकांचं एक मंडळ आहे. महिन्याच्या पहिल्या बुधवारी चर्चच्या सभागृहाखालच्या खोलीत अकरा जण जमतात. दहा पुरुष आणि हेलेवी. मी सभासद नाही. मी तिला गाडीतून नेते आणि कॉफी पिते. त्या मंडळातला सर्वांत जुना माणूस म्हणजे आर्मास होक्कानेन, टेलिफोनच्या तारा ओढण्यात आयुष्य गेलेला विधुर. त्याच्याकडे सुओमी होती. वर्षातून एकदा, प्रदर्शनाच्या दिवशी, तो ती काचेच्या पेटीत भिंतीला टेकवून ठेवायचा आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचा. हात लावायची सोय नव्हती. पण गोष्ट ऐकायला मिळायची: एकोणचाळीस-चाळीसच्या हिवाळी युद्धात त्याचे वडील हीच बंदूक घेऊन कारेलियाच्या आघाडीवर कसे उभे राहिले, उणे चाळीसमध्ये, एकशे पाच दिवस. जुन्या सभासदांना ती गोष्ट पाठ होती. मध्येच एखादा पुढचं वाक्य म्हणायचा आणि आर्मास रागवायचा.

आर्मास आणि हेलेवी यांचं सख्य म्हणजे सापमुंगसाचं. एका लिलावात हेलेवीने हेरून ठेवलेला, बंदुकीला लावायचा गोळ्यांचा गोल डबा त्याने तिच्या डोळ्यांदेखत उचलला होता. या गोष्टीला अठरा वर्षं झाली. हेलेवीच्या हिशेबी ती काल घडली.

तर त्या मार्चच्या बुधवारी आर्मास कॉफीचा कप घेऊन तिच्याजवळ आला. "ऐकलंस का? रौतिओच्या दुकानात सुओमी आलीय विकायला. तू बघून ये."

रौतिओ म्हणजे जवळच्या युवास्कुला शहरातला बंदूकवाला. दुरुस्ती करतो, लोकांचा मालही ठेवून विकून देतो.

हेलेवीने कप खाली ठेवला. "तू बघितलीस?"

"चांगली आहे."

"चांगली आहे, तर तू का नाही घेत?"

"माझ्याकडे आहे ना एक."

"एक असल्यावर तू दुसरी घेत नाहीस? तुझ्याकडे तीन चुली आहेत, आर्मास."

तो हसला नाही. नाक ओढून निघून गेला. निघताना आम्ही कोट घालत होतो, तेव्हा पुन्हा आला. "हेलेवी, रौतिओच्या दुकानात सुओमी आलीय. बघून ये."

"एकदा सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिचा फोन वाजला. आर्मास. सुओमी आलीय. रविवारी पुन्हा. ती माझ्याकडे आली ती बूट न झटकताच, आणि हेलेवी बूट न झटकता आली म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं.

"एकदा सांगतो तो शेजारी," ती म्हणाली, "दोनदा सांगतो तो दलाल, आणि चारदा सांगतो तो चोर. त्या बंदुकीत काहीतरी आहे."

"मग जाऊ नकोस."

"जाऊ नको कशी? काय आहे ते बघायला नको?"

मंगळवारी मी गाडी काढली. रस्त्याकडेचा बर्फ करडा पडला होता, तळ्यावर अजून मासे धरणारे बसले होते. वाटेत हेलेवीने तीन शक्यता मांडल्या. एक, बंदूक तुकडे जोडून बनवलेली असणार आणि आर्मासचं त्यात कमिशन असणार. दोन, कुणाच्या तरी गोठ्याच्या माळ्यावर युद्धानंतर लपवलेली, कागद नसलेली. तीन, ती घेतली की पोलीस दारात येणार, तिची मान्यता जाणार, आणि तिचा सगळा संग्रह आर्मास उचलणार.

"तिसरी शक्यता छान आहे," मी म्हटलं. "याला वर्ष-दोन वर्षं डोकं लढवावं लागलं असेल."

"तू हस. अठरा वर्षांपूर्वीही तू हसलीच होतीस."

रौतिओ पन्नाशीचा, गुबगुबीत, हळू बोलणारा माणूस. त्याने आतल्या खोलीतून बंदूक आणून टेबलावर जाड कापड पसरलं आणि त्यावर ठेवली. मला बंदुकांतलं काही कळत नाही. जाळीदार भोकांची नळी, बर्च लाकडाचा दस्ता, हातांनी घासून गुळगुळीत झालेला. ठेवताना टेबल दणकलं.

हेलेवीने हात लावला नाही. आधी विचारलं, "कोणाची?"

"मालकाला नाव सांगायचं नाही. व्यवहार ठरला की कागदावर येईलच."

"का सांगायचं नाही?"

"मी विचारलं नाही."

"तुम्ही दुकानदार आहात की कबुली ऐकणारे पाद्री?"

रौतिओ ओशाळला. "हेलेवी, बंदुकीची सरकारी नोंद मी स्वतः बघितलीय. कागद स्वच्छ आहेत. एवढं मी शपथेवर सांगतो."

"किंमत?"

त्याने सांगितली. बाजारात चालते त्याच्या निम्मी. हेलेवीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत 'सांगितलं नव्हतं?' हे चार वेळा लिहिलेलं होतं. "स्वस्त का?"

"मालकाने एवढीच सांगितली. आणि तुम्ही आलात तरच दाखवायची, असंही म्हणाला."

रौतिओला आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि तो उगाच कापडाची घडी सरळ करू लागला.

"मी आले तरच?" हेलेवी हळूच म्हणाली. "माझं नाव घेऊन?"

"मी काहीच बोललो नाही असं समजा."

मला वाटलं आता ती उठणार. पण तिने पिशवीतून भिंग काढलं, वही काढली, खुर्ची पुढे ओढली. पाऊण तास ती त्या बंदुकीवर वाकून होती. सांधे बघितले, लाकूड बघितलं, शिक्के बघितले. नळीवरची जाळी आणि अंग यांवरचे आकडे एकमेकांशी ताडले. रौतिओने दोनदा कॉफी आणली, दोन्ही गार झाल्या. शेवटी ती पाठ सरळ करत म्हणाली, "खरी आहे." यात आनंद नव्हता, तक्रार होती. "सगळे भाग एकाच बंदुकीचे, कुणी फेरफार केलेला नाही. आकडा पाच अंकी. म्हणजे त्रेचाळीसच्या सुमाराची."

"मग?" मी म्हटलं. "चांगलं झालं ना?"

ती बंदुकीचा चामडी पट्टा चाचपत होती. पट्टा एका जागी तुटून पुन्हा शिवलेला होता. तिने भिंग तिथे नेलं आणि ते तिथेच राहिलं.

"राइली, हा दोरा कोणत्या रंगाचा?"

"राखाडी."

"पट्टा?"

"तपकिरी."

"तपकिरी पट्ट्याला राखाडी दोरा कोण लावतो? ज्याच्याकडचा तपकिरी संपलाय तो. हे टाके माझे आहेत. माझ्या स्वयंपाकघरात शिवलेत मी हे. आर्मास नुसता पट्टा घेऊन आला होता, आणि रंग जमत नाही म्हणून तासभर कुरकुरत बसला होता."

रौतिओने छताकडे बघितलं.

गाडीत बसेपर्यंत तिच्या डोक्यात सगळा खटला उभा राहिला होता. बंदूक आर्मासची. बंदूक त्रेचाळीसची. हिवाळी युद्ध चाळीसच्या मार्चमध्ये संपलं. तेव्हा सैन्याकडे या बंदुका होत्या चारेक हजार, आणि हा आकडा त्याच्या कैक पट पुढचा. म्हणजे वडिलांची गोष्ट थाप. चाळीस वर्षं त्याने पेटी भिंतीला टेकवली ती आकडा दिसू नये म्हणून.

"आणि आता कुणाला तरी सुगावा लागला असणार," ती म्हणाली. "म्हणून चोरून विकतोय. आणि कुणाला? मला. म्हणजे उद्या बोभाटा झाला तर खोटी बंदूक हेलेवीकडची."

"खोटी कुठे? तूच म्हणालीस खरी आहे."

"बंदूक खरी आहे. माणूस खोटा आहे. गाडी त्याच्या घराकडे घे."

मी घेतली. नाही म्हटलं असतं तर ती उतरून चालत गेली असती, नऊ किलोमीटर.

आर्मासच्या दाराला कुलूप नव्हतं. तो स्वयंपाकघरात होता, स्वेटर उलटा घातलेला. आम्हाला बघून चेहरा उजळला. "या, या! कॉफी टाकतो." आणि भांडं हातात घेऊन हेलेवीकडे वळला. "ऐकलंस का? रौतिओच्या दुकानात सुओमी आलीय. बघून ये."

हेलेवी तोंड उघडून उभी होती, सगळी वाक्यं जिभेवर तयार. ती तिथेच थांबली.

मग मला दिसलं, आणि तिला माझ्याआधी दिसलं असणार. कॉफीच्या डब्यावर चिठ्ठी: कॉफी. त्याच्या बाजूच्या डब्यावर: कॉफी नाही. चुलीवर: बंद केलीस का? दाराच्या आतल्या बाजूला: आज वार कोणता ते फोनवर बघ. सगळं त्याच्याच अक्षरात, तारवाल्यांच्या त्या चौकोनी अक्षरात. आतल्या खोलीत पोलादी कपाटाचं दार सताड उघडं होतं आणि आत काहीही नव्हतं.

"आर्मास," हेलेवी म्हणाली, "बस."

"कॉफी..."

"राइली टाकेल. तू बस." ती त्याच्यासमोर बसली. "मी तिथूनच येतेय. पट्टा मी शिवलेला आहे."

तो म्हणाला, "तरी मी तेव्हाच म्हटलं होतं, राखाडी दोरा लावू नकोस."

डॉक्टरांनी हिवाळ्याच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. आजाराचं नाव त्याने घेतलं नाही. डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, त्यांनी कळवलं. परवाने गेले. बंदुका ठरल्या मुदतीत कुणा मान्यतावाल्याला द्यायच्या, म्हणून त्याने सगळ्याच रौतिओकडे नेऊन ठेवल्या.

दुसरी कुणी असती तर इथे त्याचा हात धरला असता. हेलेवी म्हणाली, "कागद दाखव."

मी तिच्याकडे डोळे वटारले. पण आर्मास उठला, खणातून पाकीट काढून दिलं. तिने पत्र वाचलं, तारीख वाचली, सही वाचली, उलटं करून मागची बाजू बघितली. मग नीट घडी करून परत दिलं.

"मला का?" तिने विचारलं. "आणि चोरून का?"

"नाव सांगितलं असतं तर तू दया म्हणून घेतली असतीस."

"मी? दया?"

"बरं, तू नसती घेतलीस. बाकीच्यांनी घेतली असती. आणि त्यांनी आकडा बघितला असता."

"मी नाही बघितला?"

"तू बघणार हे माहीतच होतं. पण तू त्यावर हसत नाहीस. ते हसले असते." त्याने कपाचा कान फिरवला. "माझे वडील आघाडीवर नव्हते, हेलेवी. पाव भाजायचे. पिछाडीला, सैन्याच्या भटारखान्यात. शाळेत सगळ्यांचे बाप शूर होते. एकाचा मेला होता, तोही शूर. मी म्हटलं माझ्याही बापाकडे सुओमी होती. मग मोठेपणी एक विकत घेतली, म्हणजे खोटं निम्मं तरी खरं होईल. डॉक्टर म्हणतात, हळूहळू सगळं जाईल. बायकोचा वाढदिवस गेला. पण ही थाप तेवढी शब्दन् शब्द आठवतेय."

कॉफी उतू गेली. ती माझी चूक.

हेलेवीने लगेच हो म्हटलं असं वाटत असेल तर तुम्हाला हेलेवी कळलेली नाही. ती दोन आठवडे घोळवत बसली. रोज संध्याकाळी माझ्याकडे यायची आणि एक नवीन शंका मांडायची. "हे पाव भाजण्याचंही खोटं असेल तर?" "मुद्दाम रडका चेहरा करून गळ्यात मारत असेल तर?" "स्वेटर मुद्दाम उलटा घातला असेल?"

"हेलेवी," मी एकदा वैतागून म्हटलं, "तुला ती हवी आहे की नाही?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. "आई त्रेचाळीसमध्ये कामावर होती," ती म्हणाली. "चाळीसमध्ये नव्हती, लहान होती. ती बंदूक त्याच्या बापाची असती तर माझ्या आईची नसती. कळतंय का? त्याची थाप पकडली जाते त्याच आकड्याने ती माझी होते. हेच मला पटत नाहीये. इतकं सोयीचं काही असलं की मला भीती वाटते."

शेवटी तिने पोलिसांकडे बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर तिने चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: 'ही वस्तू आमच्या गावात १९४३ च्या सुमारास बनली. त्या काळात माझी आई त्या कारखान्यात कामाला होती. ही पुढे कुठे गेली, कोणी वापरली, याबद्दल काहीही माहीत नाही.' शेवटच्या वाक्याखाली तिने रेघ मारली. रौतिओला तिने निम्मी किंमत देऊ केली नाही. चालू भाव दिला, कारण स्वस्तात घेतलेल्या वस्तूकडे आपण आयुष्यभर वाकड्या नजरेने बघू, असं तिचं म्हणणं.

जूनमध्ये परवाना आला. मंडळाच्या पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारलंच, "हेलेवी, तू सुओमी घेतलीस म्हणे. होक्कानेनची तर नव्हे? त्याच्या वडिलांची?"

आर्मास कोपऱ्यात बसला होता. त्याचा कप हवेत राहिला.

हेलेवी कधी खोटं बोलत नाही. शंका घेणाऱ्याला ते परवडत नाही. ती म्हणाली, "त्रेचाळीसची आहे, दुकानातून घेतली. बघायची असेल तर घरी या. बूट झटकून." आणि तिने केक कापायला घेतला. विचारणाऱ्याने मान हलवली, विषय ट्राउट माशांवर गेला.

पुढच्या हिवाळ्यात आर्मास युवास्कुलाच्या वृद्धाश्रमात राहायला गेला. हेलेवी दर शुक्रवारी जाते, गाडी माझीच. त्याने आघाडीची गोष्ट सांगणं बंद केलं आहे. ती विसरला की सोडून दिली, कळायला मार्ग नाही. आता तो परिचारिकांना वेगळंच सांगतो: वडील पहाटे तीनला पीठ मळायचे, हात कोपरापर्यंत पांढरे, आणि सकाळी तीन हजार माणसांचा पाव घोडागाड्यांतून पुढे जायचा. सांगताना त्याची मान ताठ होते.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हेलेवी कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "तीन हजार? एका भटारखान्यातून?" आणि घरी येऊन तिने राष्ट्रीय अभिलेखागाराला पत्र लिहिलं. उत्तर यायला पाच महिने लागले. आर्मासच्या वडिलांच्या सैनिकी नोंदपत्रकाची प्रत आली. भटारखान्याची तुकडी, हुद्दा, तारखा, सगळं होतं. पावांचा आकडा नव्हता.

तिने तो कागद शुक्रवारी त्याला वाचून दाखवला. त्याने नाव ऐकलं, बोट ठेवून बघितलं, आणि विचारलं, "हे खरं आहे?"

"शिक्का आहे," हेलेवी म्हणाली. "मी दोनदा बघितला. पण ते तीन हजार मला काही पटत नाही, आर्मास. दोन हजार म्हण."

"अडीच," आर्मास म्हणाला.

तिने थोडा विचार केला आणि अडीचला मान्यता दिली.